प्रिसिलाबाय आणि लायसनवाले साहेब

प्रिसिला रुमाव यांना तुम्ही काय काम करता असं विचारलं, तर त्या ‘नर्स’ म्हणतात. त्यांच्या कतारी ओळखपत्रावर ‘केअर असिस्टंट’ असं छापलेलं आहे. आणि ज्यांच्या घरी त्या रोज जातात त्या जॅनेट मॅडम पाहुण्यांना सांगतात, “प्रिसिला म्हणजे आमच्या घरातलीच.” तिन्ही गोष्टींत थोडं थोडं तथ्य आहे.

प्रिसिलाबाय मूळच्या वसईतल्या गिरीजच्या. नवरा जॉनसन बोटीवर स्वयंपाकी होता. सगळ्या समुद्रांवरून सुखरूप फिरून आला आणि सुट्टीवर घरी असताना, जेवून हात धुता धुता गेला. पदरात दोन मुली. गावातल्या नर्सिंग होममध्ये नोकरी करून बाईंनी त्या वाढवल्या, मुलींच्या पुढच्या शिक्षणाला पैसा हवा म्हणून दोह्याला आल्या, आणि मुली शिकून, लग्नं करून आपापल्या घरी गेल्या तरी इथेच राहिल्या. शुक्रवारी चर्चमध्ये मिस्साला भेटणाऱ्या बायका विचारत, आता परत का जात नाही? “जाऊन काय करू गो? मुलींकडे पाहुणी म्हणून राहू? मी मराठीत विचारणार, नातवंडं इंग्लिशमध्ये उत्तर देणार. इथे निदान कोणाला तरी माझी गरज आहे,” असं त्या म्हणत.

अल नस्रमधल्या एका फ्लॅटमध्ये त्या दोन नर्सबरोबर राहतात. सकाळी मेट्रोने निघायचं, मुशैरिबला गाडी बदलायची, अल वक्राला उतरून छोटी बस पकडायची, की जॅनेट मॅडमचं कंपाऊंड, म्हणजे भिंतीआडची बंगल्यांची वसाहत, येते.

तिथे ज्यांना त्यांची गरज होती ते जॅनेट मॅडमचे वडील, मिस्टर मॅल्कम. वय ऐंशीच्या पुढे, उंची चौकटीला डोकं लागेल एवढी, आणि बोलणं फार अदबीचं. उत्तर इंग्लंडातल्या एका गिरण्यांच्या गावात सगळं आयुष्य गेलेलं. बायको वारल्यावर ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग गॅस, मग घराचा पत्ता. तेव्हा एकुलत्या एका मुलीने त्यांना दोह्याला आणलं. आपण वाळवंटात आहोत हे त्यांना रोज सकाळी खिडकीतून नव्याने कळे, आणि रोज ते “यंदा पाऊस लांबलेला दिसतो,” एवढंच म्हणत.

मुलीलाही ते ओळखत नसत. पण तसं तोंडावर सांगण्याइतके असभ्य नव्हते. ती शाळेतून आली की उठून उभे राहत आणि “आपण फार थकलेल्या दिसता,” म्हणून खुर्ची पुढे करत. जॅनेट मॅडम “थँक यू, डॅडी,” म्हणत आणि आपल्या खोलीत जाऊन बराच वेळ दार लावून बसत.

जॅनेट मॅडम दोह्यातल्या एका इंग्रजी शाळेच्या उपप्राचार्य. शिस्तीचं खातं त्यांच्याकडे. ‘चूक माफ होईल, खोटं माफ होणार नाही’ हे त्यांचं वाक्य शाळेतल्या मुलांना पाढ्यांपेक्षा जास्त पाठ होतं.

प्रिसिलाबायचा दिवस मॅल्कमसाहेबांना आंघोळ, औषध, जेवण, थोडं चालवणं यात जाई. त्यांची स्वतःची अशी एकच चैन होती. दोह्यात साडेपाच वाजले की भारतात आठ होतात, आणि आठला मराठी सिरियल लागते. त्यातल्या अंबिका नावाच्या सुनेचा गेली दोन वर्षं छळ चालला होता. छळ करणारी जाऊ हेमांगी मध्येच अपघातात मेली, पण नंतर दुसऱ्या चेहऱ्याने परत आली. प्रिसिलाबाय हॉलमधल्या भल्यामोठ्या टीव्हीवर आवाज बारीक करून ती बघत. मॅल्कमसाहेब शेजारीच असत. पण सिरियल सुरू झाली की ते आपली खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसत. बाईंना वाटे, भाषा कळत नाही, कंटाळत असतील बिचारे.

घरी दर आठवड्याला इकरा नावाची थेरपिस्ट यायची. तरुण मुलगी, हुशार, मूळची लाहोरची. एकदा तिने जॅनेट मॅडमना सांगितलं, “त्यांना त्यांच्या तरुणपणात घेऊन जा. त्या काळची गाणी, वास, टीव्हीचे कार्यक्रम. अशा पेशंटना नवं काही राहत नाही, जुनं कधी कधी सापडतं.”

जॅनेट मॅडमनी कुठलीच गोष्ट अर्धवट केली नव्हती. त्यांनी ठरवलं की घरात एकोणीसशे बासष्ट सालची एक संध्याकाळ उभी करायची, आणि त्या संध्याकाळी इंग्लंडातल्या घराघरांत टीव्हीवर जे लागत होतं, तेच, त्याच क्रमाने डॅडींना दाखवायचं. इंटरनेट धुंडाळून त्यांनी कार्यक्रम जमवले. शाळेच्या चित्रकला विभागाकडून पुठ्ठ्याचं, लाकडासारखं रंगवलेलं खोकं करून घेतलं. त्याला गोल बटणं होती. ते टीव्हीसमोर ठेवलं की मोठ्या पडद्यातला वहीएवढा चौकोन तेवढा दिसे.

खोकं गाडीतून आणून चढवण्याचं काम ड्रायव्हर बाजीरावकडे आलं. बाजीराव बीडकडचा, बायकामुलं गावी, आणि घरात मराठी बोलणारं दुसरं माणूस म्हणजे प्रिसिलाबाय.

“ताई, एवढा मोठा टीव्ही आसून त्याला खोक्यात कामून घालत्यात?”

“जुना दिसायला पाहिजे म्हणे.”

“जुना आमच्या घरी हाय की. मागल्या सुट्टीतच घिऊन आलो आसतो.”

ती संध्याकाळ गुरुवारची होती. पडदे ओढले. एसी कमी करून ठेवला, कारण त्या काळी इंग्लंडात घरं थंड असली तरी ती यंत्राने थंड केलेली नसत, असं मॅडमचं म्हणणं. चहाच्या किटलीला लोकरीची टोपी घातली. मॅल्कमसाहेबांना कोट, टाय. इकरा कोपऱ्यात बसली. बाजीरावला मॅडमनी “तूही बस,” म्हटलं, म्हणून तो दाराजवळ स्टुलावर अवघडून बसला. घड्याळात साडेपाच होत आले होते. प्रिसिलाबायनी मनातल्या मनात अंबिकेची क्षमा मागितली.

पडद्यावर आधी एक घड्याळ दिसलं. मग मोत्यांची माळ घातलेली एक बाई आली आणि अशा काही शुद्ध इंग्रजीत बोलली, की जॅनेट मॅडमसुद्धा सावरून बसल्या. मग दोऱ्यांवरच्या बाहुल्यांचा मुलांचा कार्यक्रम. बाहुल्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते आणि दोऱ्या सरळ दिसत होत्या.

“पाहा डॅडी, आठवतं?”

“छान आहे,” मॅल्कमसाहेब म्हणाले, आणि त्यांनी बिस्किट घेतलं.

बाहुल्या गेल्या, बातम्या आल्या. काळ्या कोटातला एक माणूस जगावर मोठं संकट येऊ घातल्याचं सांगत होता, पण चेहऱ्यावर त्याची काही खूण नव्हती. त्यानंतर दोन कार्यक्रमांच्या मधली जागा भरायला म्हणून एका कुंभाराचे हात दाखवले. चाकावर मडकं उठत होतं, बसत होतं, पुन्हा उठत होतं. तेवढं प्रिसिलाबायना फार आवडलं. बाजीराव हळूच म्हणाला, “रंग गेलाय का वो ह्याचा?” मग प्रश्नमंजूषा झाली. घाबरलेली माणसं सोप्या प्रश्नांची चुकीची उत्तरं देत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते.

मॅल्कमसाहेबांनी बातम्यांपासूनच डोळे मिटले होते. मॅडमनी दोनदा हात हलवून जागं करायचा प्रयत्न केला. “मी जागा आहे,” ते दोन्ही वेळा म्हणाले, पण डोळे काही उघडले नाहीत. जॅनेट मॅडमचा चेहरा उतरला. कित्येक रात्री जागून जमवलेलं सगळं वाया जात होतं, आणि चहासुद्धा निवला होता.

मग पोलिसांची एक मालिका सुरू झाली. सुरुवातीला कोणीतरी शीळ घालत होतं. शीळ ऐकल्याबरोबर मॅल्कमसाहेब उठले. कोटाची बटणं लावली. डोळे मिटलेलेच ठेवून, हात पुढे धरून, कोणाला काही कळायच्या आत ते हॉलमधून बाहेर पॅसेजमध्ये गेले, आणि त्यांनी आपल्यामागे दार लावून घेतलं.

सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तेवढ्यात दारावर थापा पडल्या. घरातल्या माणसाच्या नव्हेत, सरकारी थापा.

इकराने प्रिसिलाबायना खूण केली. बाईंनी दार उघडलं. मॅल्कमसाहेब ताठ उभे होते. डोळे उघडे होते आणि त्यांत कधी न दिसलेली चमक होती.

“गुड ईव्हनिंग, मॅडम. लायसन खात्यातून आलो आहे. या घरात टेलिव्हिजन संच आहे का?”

आता प्रिसिलाबायच्या लहानपणी गिरीजमध्ये रेडिओला लायसन लागायचं. त्यांच्या वडिलांचा रेडिओ कायम बिनलायसनचा. तपासायला माणूस आला की रेडिओ तांदळाच्या पिंपात जायचा. एकदा पिंपात टाकायच्या घाईत तो बंद करायचाच राहिला होता. तेव्हा आईने जे उत्तर दिलं होतं ते बाईंच्या जिभेवर आपोआप आलं. ठरवून काही नव्हतं. समोर कडक आवाजात कोणी लायसन विचारलं आणि त्या एकदम आठ वर्षांच्या झाल्या.

“नाही,” त्या म्हणाल्या.

“मग आत बोलतंय कोण?”

“माझे मिस्टर.”

मॅल्कमसाहेब त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या ओठांचे कोपरे हलले, आणि ते मोठ्याने हसले. या घरात त्यांना असं हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

“मिस डोरोथी, मागच्या बुधवारीही तुम्ही हेच म्हणालात. तेव्हा आत दोन पुरुष आणि एक घोडा बोलत होता. तुम्हाला नवरा किती आहेत?”

डोरोथी हे जॅनेट मॅडमच्या आईचं नाव. मॅडम खुर्चीतून अर्धवट उठल्या. इकराने त्यांचा हात धरून खाली बसवलं.

“साहेब, आत या, चहा घ्या,” प्रिसिलाबाय म्हणाल्या. दारात आलेल्या सरकारी माणसाला दुसरं काय म्हणायचं, त्यांना माहीत नव्हतं.

“येतो. पण नेहमीच्या अटीवर.” त्यांनी आत येऊन खुर्ची उचलली, टीव्हीकडे पाठ होईल अशी ठेवली, आणि बसले. “मी काही पाहिलेलं नाही. कोर्टात शपथेवर विचारलं तर तसं सांगता आलं पाहिजे. वडील कसे आहेत?”

“बरे आहेत,” प्रिसिलाबाय म्हणाल्या.

“अजून अंथरुणातच? हं. संध्याकाळी हे लागलं नाही तर रडतात म्हणालात ना. राहू दे. मी कागदावर ‘घरी कोणी नाही’ असं लिहिलं आहे.” त्यांनी कपबशी घेतली. पडद्यावर पोलीस कोणाचा तरी पाठलाग करत होते. “हा सार्जंट नवा आहे. जुन्याचा आवाज जाड होता. मला सगळे आवाजावरून माहीत आहेत. त्या गल्लीत मी प्रत्येक खिडकीबाहेर उभा राहिलोय. आत सगळे हसतात, बाहेर मी थंडीत. एकाचाही चेहरा अजून पाहिला नाही.”

मग ते बोलतच राहिले. डोरोथीकडे ते पहिल्यांदा तपासायला गेले, दुसऱ्यांदा पुन्हा तपासायला गेले, आणि तिसऱ्यांदा, तपासायचं काहीच उरलं नव्हतं म्हणून, केक घेऊन गेले. पुढे वर्षभर ते दर बुधवारी टीव्हीकडे पाठ करून तिच्यासमोर बसले. “ती पडदा बघायची आणि मी तिचा चेहरा बघायचो. काय चाललंय ते मला त्यावरून कळायचं. माझा कार्यक्रम जास्त चांगला होता.”

मालिका संपेपर्यंत त्यांनी चहा संपवला, “पुढच्या बुधवारी येतो,” म्हणाले, आणि खुर्चीतच झोपले. जॅनेट मॅडमनी जमवलेला शेवटचा भाग, म्हणजे पाद्रीबाबांचं प्रवचन, राष्ट्रगीत आणि पडदा काळा होताना मधे उरणारा पांढरा ठिपका, एवढा बाजीरावने एकट्याने पाहिला. राष्ट्रगीताला तो उभासुद्धा राहिला. कोणाचं का असेना.

इकराने दुसऱ्या दिवशी अहवाल पाठवला: दृश्य माध्यमाला पेशंटने उत्कृष्ट प्रतिसाद दिला, प्रयोग पुन्हा करावा.

जॅनेट मॅडमचा प्रतिसाद वेगळा होता. त्यांच्या घरात वर्षानुवर्षं सांगितलेली गोष्ट अशी होती की आईवडिलांची ओळख चर्चच्या चहापानात झाली. आईच्या अंत्यविधीला हीच गोष्ट त्यांनी स्वतः उभं राहून सांगितली होती. पाद्रीबाबांनीही त्यात दोन शब्द जोडले होते. आता वडील सांगत होते की आई सरकारला फसवत होती आणि वडील तिला सामील होते. शिस्तीचं खातं असलेल्या बाईने हे पचवायचं कसं?

त्यांनी किचनमध्ये येऊन दार लोटलं.

“प्रिसिला, ‘माझे मिस्टर’ हे तुम्ही का म्हणालात?”

“तोंडातून गेलं, मॅडम.”

“तुम्ही ते त्यांच्या डोक्यात घातलंत. त्यांना काहीही सुचवलं की ते खरं वाटतं. उद्या तुम्ही म्हणाल तुम्ही माझी आई आहात, तर तेही त्यांना आठवेल.”

“मी तसं कशाला म्हणेन, मॅडम?”

“मला खोटं आवडत नाही. खेळातलंसुद्धा.”

 प्रिसिलाबायनी आधीच धुतलेली भांडी पुन्हा धुतली. त्या दिवसापासून मॅडम त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागल्या, आणि पाहुण्यांसमोर ‘आमच्या घरातलीच’ म्हणणं बंद झालं.

बाईंनी एजन्सीला फोन केला. उम्म सलाल मोहम्मदला हजरा नावाच्या एका म्हातारीसाठी माणूस हवं होतं. राहायला खोली, काम हलकं. प्रिसिलाबाय विचार करते म्हणाल्या आणि दोन दिवस खरंच विचार करत राहिल्या. बाजीराव त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, “जावा की ताई. हितं काय ठिवलंय? म्हाताऱ्याला तर तुमी कोण त्ये बी म्हाईत न्हाई.”

“माहीत नाही कसं? मी मिस डोरोथी आहे ना,” त्या म्हणाल्या, आणि आपण काय बोललो हे ऐकून पर्समध्ये बसचं कार्ड शोधू लागल्या.

इकडे जॅनेट मॅडमना राहवलं नाही. इंग्लंडात त्यांची एक मावशी उरली होती, डोरोथीची धाकटी बहीण. तिला त्यांनी फोन लावला. सहज विचारल्यासारखं विचारलं, की डॅडी तरुणपणी नक्की कुठल्या खात्यात होते? ‘दळणवळण’ असं आपण आजवर ऐकत आलो.

 पलीकडे मावशी खोकल्यासारखी हसायला लागली. प्रिसिलाबाय मॅल्कमसाहेबांना सूप भरवत होत्या. फोनचा आवाज मोठा असल्यामुळे त्यांना सगळं ऐकू आलं.

“कोणी सांगितलं तुला? आम्ही सगळ्यांनी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली होती! अगं, तेव्हा टीव्हीला लायसन लागायचं, आमच्याकडे नव्हतं. तो तपासायला दारात आला की टीव्हीवर गोधडी टाकायचं काम माझं. एकदा गोधडी टाकली आणि आतून कोणीतरी गाणं म्हणायला लागलं. तुझा बाप गोधडीला म्हणाला, ‘आवाज छान आहे.’”

“मग चर्चचं चहापान?”

“चर्च कोपऱ्यावर होतं. चहा आमच्याकडे होता. अगदीच खोटं नाही म्हणता यायचं.”

 फोन ठेवून मॅडम उठून आल्या आणि प्रिसिलाबायच्या हातातून सुपाची वाटी घेतली.

“तुम्ही बसा. मी भरवते.” दोन चमचे भरवून झाल्यावर म्हणाल्या, “सॉरी, प्रिसिला.” आणि थोड्या वेळाने, अगदी शाळेतल्या आवाजात, “पण तुम्हीही दारात उभं राहून धडधडीत खोटं बोललात, हे खरंच ना?”

“हो, मॅडम.”

“फार चांगलं बोललात.”

प्रिसिलाबायनी एजन्सीला नाही म्हणून कळवलं. पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही, कारण मॅल्कमसाहेब आता नोकरीवर परत रुजू झाले होते. संध्याकाळ झाली की कोट चढवून ते गस्तीला निघत. पहिला सापडला बाजीराव.

“लायसन?”

बाजीरावने एका झटक्यात खिशातून ड्रायव्हिंग लायसन काढून दोन्ही हातांनी पुढे धरलं आणि मराठीत ओरडला, “ताई, म्या काय बी केलं न्हाई! सिग्नल हिरवा हुता!”

साहेबांनी ते उलटसुलट पाहून परत दिलं. “या गल्लीतला एकमेव प्रामाणिक माणूस,” ते म्हणाले. बाजीरावला हे इंग्रजी कळलं नाही. पण प्रिसिलाबायनी सांगितल्यावर त्याने ते गावी फोन करून बायकोला सांगितलं.

घर तपासून झालं, की कंपाऊंडमधले व्हिला. थंडीचे दिवस होते, चालायला हवा छान होती. पुढे साहेब, मागे प्रिसिलाबाय, आणि त्यांच्यामागे गेटवरचा वॉचमन इकबाल, कारण असली बंदोबस्ताची कामं त्याला आवडत. जॅनेट मॅडमनी आधी शरमून, मग नाइलाजाने, कंपाऊंडच्या ग्रुपवर निरोप टाकला की वडील दार वाजवतील, कृपया कुठलंही कार्ड दाखवावं. शेजारचे इजिप्शियन इंजिनियर महमूद यांनी जिमचं कार्ड दाखवलं. साहेबांनी ते दिव्याखाली धरून वाचलं.

“हे कुत्र्याचं लायसन आहे. टीव्हीचं वेगळं काढावं लागेल.”

महमूदकडे कुत्रा नव्हता. पण “इन्शाल्ला, उद्याच काढतो,” असं ते छातीवर हात ठेवून म्हणाले, आणि साहेबांनी त्यांना सवलत दिली. एका व्हिलात मात्र नवीन आलेलं कुटुंब होतं. त्यांना ग्रुपची कल्पना नव्हती. वर्दीतला वॉचमन, कोटातला गोरा म्हातारा आणि ॲप्रन घातलेली बाई दाराशी येताना पाहून त्यांनी घाबरून सगळे दिवे घालवले, टीव्हीसुद्धा. साहेब पायरीवर थांबले. अंधाऱ्या खिडकीकडे त्यांनी प्रेमाने पाहिलं.

“वाजवू नका,” ते हळू आवाजात म्हणाले. “आत कोणी आजारी असेल.”

त्या दिवशी ते पोटभर जेवले.

प्रिसिलाबायचं नुकसान एवढंच झालं, की घरात आता सिरियल लावायची सोय राहिली नाही. हेमांगी तिसऱ्या चेहऱ्याने परत आल्याचं त्यांना फ्लॅटवरच्या मैत्रिणींकडून कळलं.

फेब्रुवारीत साहेबांचे गुडघे धरले. गस्त कंपाऊंडपासून घरापुरती झाली आणि मग पोर्चपर्यंत येऊन थांबली. एका संध्याकाळी जॅनेट मॅडम शाळेतून आल्या. गळ्यात ओळखपत्राची दोरी, हातात गाडीची किल्ली. त्या दिवशी बाजीरावला ताप होता म्हणून गाडी त्यांनीच आणली होती. साहेब पोर्चमध्ये कोट घालून उभे होते. नेहमीसारखी त्यांनी खुर्ची पुढे केली नाही. किल्लीकडे पाहिलं आणि रागावून म्हणाले, “रॉन, किती वेळ? मी इथे गारठलोय. चल, गाडीत बस.”

जॅनेट मॅडमनी प्रिसिलाबायकडे पाहिलं. रॉन कोण, हे प्रिसिलाबायनाही माहीत नव्हतं. पण गाडीची किल्ली ज्याच्या हातात तो ड्रायव्हर, एवढं कळत होतं. “बसा, मॅडम,” त्या म्हणाल्या.

उपप्राचार्य बाई स्टिअरिंगमागे बसल्या. साहेब शेजारी बसले. गाडी जागची हलली नाही, फक्त एसी चालू होता. त्या दिवसापासून हा नेम झाला. बाजीराव बरा होऊन आला तरी संध्याकाळी त्याला त्याच्याच गाडीतून बाहेर काढत. तो पायरीवर बसून कुरकुरायचा, “पेट्रोल जळतंय नुसतं.” मॅडम शाळेतून वेळेवर निघायला लागल्या. पूर्वी कधी निघत नसत. घरी आल्यावर दार लावून बसणंही बंद झालं, कारण रॉनला दार लावून बसायची मुभा नव्हती.

बोलणं फारसं नसे. साहेब समोरच्या भिंतीकडे बघत, गल्लीतल्या कुठल्या घरात बिनलायसनचा टीव्ही आहे ते सांगत. मॅडम “हं,” म्हणत. प्रिसिलाबाय घरी निघायच्या आधी काचेतून औषधाची गोळी देत, तेवढंच.

एकदा गोळी द्यायला त्या गेल्या तेव्हा साहेब सँडविचचा अर्धा तुकडा मॅडमना देत होते.

“खा, रॉन. आज माझ्याकडून. काल रात्री मुलगी झाली मला.”

मॅडमनी तुकडा हातात धरला.  मग विचारलं, “कशी आहे?”

“लाल. चिडकी. सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला. मी इतकं सुंदर काही पाहिलं नाही.” साहेब थांबले, आणि मग शेजारी कोणी ऐकत नाही ना, हे पाहून घेऊन आवाज खाली आणत म्हणाले, “डोरोथीने नाव जॅनेट ठरवलंय. मला अजिबात आवडलं नाही. पण मी काही बोललो नाही.”

“मलाही कधी आवडलं नाही,” जॅनेट मॅडम म्हणाल्या. त्या हसत होत्या आणि ओळखपत्राच्या दोरीने डोळे पुसत होत्या.

प्रिसिलाबायनी काच वर करायची खूण केली आणि गोळी हातातच घेऊन मागे सरल्या. बस केव्हाच निघून गेली होती. त्या बाजीरावशेजारी पायरीवर जाऊन बसल्या.

“निघाल्या न्हाई, ताई?” बाजीराव म्हणाला.

“जाते पुढच्या बसने,” त्या म्हणाल्या. “सर तू जरा तिकडे.”